पुसलेली ओळ

काम तसं दुपारच्या फावल्या वेळातलं होतं. ऑफिसच्या लॅपटॉपवरून घरच्या कॉम्प्युटरमध्ये पासवर्ड न टाकता शिरता यावं, म्हणून थोरली नवी किल्ली बसवत होती. किल्ली म्हणजे अगम्य अक्षरांची जोडी. एक भाग आपल्याकडे ठेवायचा, दुसरा घरच्या कॉम्प्युटरमधल्या यादीत एक ओळ म्हणून टाकायचा. ओळीच्या शेवटी कुणाची, कुठल्या मशीनवरची ते लिहिलेलं असतं.

यादीत धाकट्या भावाची ओळ अजून होती. पासवर्डच्या बाबतीत त्याचा आनंदीआनंद, म्हणून तिनेच ती टाकली होती. "घे, आता तुला कुणी अडवणार नाही," म्हणाली होती. पुढे तो गाडीसकट नदीत गेला. तो सापडला, लॅपटॉप नाही.

सहज तिने आत्ता कॉम्प्युटरमध्ये कोण शिरलेलं आहे ते पाहिलं. धाकटा होता. तिने नाव पुन्हा वाचलं.

"आई, हा कॉम्प्युटरचा डबा कधीपासून घरघरतोय?"

"रोज दुपारी. तो येतो ना…" आई शेंगा सोलत म्हणाली. "गाळाचा वास येतो बघ."

आई हल्ली त्या डब्याशेजारीच जेवायची, तिथेच लवंडायची. भाऊ गेला तो गेलाच. आता आईही हातची जाते की काय, या धास्तीने थोरलीला झोप नव्हती. कुणीतरी चोरच असणार, असं स्वतःला बजावत तिने त्याला बाहेर काढलं आणि ओळ पुसून टाकली.

घरघर थांबली. मग पडद्यावर उमटलं: पासवर्ड चुकीचा. थोड्या वेळाने पुन्हा. पुन्हा.

चोर इतका चाचपडत नाही. थोरलीला रडू आवरेना. "लक्षात नाही ना रे तुला…" ती ओळ परत लिहायला गेली, पण ती अक्षरं कुणाला पाठ असतात?

"बाहेर उभा आहे का गं?" आईने हळूच विचारलं. "रडू नको. मी बघते."

थोरली तोंडावर पाणी मारून आली, तेव्हा डबा पुन्हा घरघरत होता. शेंगा अर्ध्याच सोललेल्या होत्या, खुर्ची रिकामी होती. दाराला आतून कडी होती.

"आई…?"

यादीत एक नवी ओळ होती. धाकट्याच्या लॅपटॉपवर बनलेली. शेवटी नाव मात्र आईचं होतं.