आवाजाचं अपडेट

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी भांडायला येणार नाही. पण जिच्या घरी घडली ती माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणतात.

आणि रात्रबित्र नव्हती. रविवार होता, भर दुपार. तिसऱ्या मजल्यावरचं छोटं घर, खाली पंक्चर काढणाऱ्याचं दुकान.

ताईचे वडील, अप्पा, आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवत आले. बोलण्यात कुणाला हार न जाणारा माणूस. मग घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला.

ताईचं काम कंपनीचे सर्व्हर सांभाळायचं. तिने ऑफिसातल्यासारखीच लिनक्स सिस्टीम टाकून घरी एक छोटा कॉम्प्युटर उभा केला. अप्पा टाइप करणार, स्पीकर बोलणार. पहिल्या दिवशी तो बोलला तेव्हा ताईला रडू आवरेना.

अप्पांनी टाइप केलं, "आधी क्लच दाब, मग रड."

सिस्टीमचे स्वतःचे अपडेट आपोआप यायचे. बोलणारं पॅकेज, म्हणजे टाइप केलेलं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, मात्र बाहेरचं होतं. कुणा एकट्या माणसाने घरी बसून बनवलेलं, फुकट वाटलेलं. असल्या पॅकेजांकडे आपणच लक्ष ठेवावं लागतं. नाहीतर सिस्टीम पुढे जाते, ती मागे राहतात आणि एक दिवस बंद पडतात. म्हणून दर रविवारी जेवणं झाली की ताई अपडेटची यादी बघायची.

त्या पॅकेजचं नवं व्हर्जन कधीच यायचं नाही.

कारण बनवणारा वारला होता. स्पीकरमधून येणारा आवाज त्याचा स्वतःचाच होता, रेकॉर्ड करून ठेवलेला. त्याच्या वेबपानावर लोकांनी श्रद्धांजली लिहिली होती.

त्या रविवारी यादीत ते नाव आलं...

नवीन व्हर्जन उपलब्ध.

पॅकेजवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, दुसऱ्या कुणाला न करता येणारी. ताईने ती तपासली. जुळली. त्याचीच.

"दुसऱ्या कुणीतरी चालवायला घेतलं असेल," तिचा धाकटा भाऊ म्हणाला. "सही करायची डिजिटल किल्ली त्याच्या घरच्यांनी दिली असेल."

पटण्यासारखं होतं. शिवाय जुनं व्हर्जन आता चालेनासंच झालं होतं. ताईने अपडेट केलं.

आवाज सुधारला होता. जरा जास्तच...

प्रत्येक वाक्याआधी कुणीतरी श्वास घ्यायचं.

काही दिवसांनी ताई स्वयंपाकघरात भांडी घासत होती. आतल्या खोलीतून आवाज आला.

"कोणी आहे का?"

"आले, अप्पा."

हात पुसत ती आत गेली.

अप्पा खुर्चीत गाढ झोपले होते. कीबोर्ड लांब, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला.

स्क्रीनवर एकही अक्षर नव्हतं...

 तिने तिथल्या तिथे पॅकेज काढून टाकलं. असं पॅकेज इथे नाही, असं सिस्टीमनेच सांगितलं.

संध्याकाळी पुन्हा...

"कोणी आहे का?"

तिने कॉम्प्युटर बदलला. दुसरी पॅकेजेस लावून पाहिली, पण आपली भाषा त्यांना धड बोलता येईना. अप्पा चिडून हाताने टेबल वाजवायचे. आवाजाशिवाय तो माणूस आठवड्याभरात निम्मा झाला.

शेवटी ताईने तेच पॅकेज परत टाकलं. दुसरा इलाज नव्हता.

माणसाला कशाचीही सवय होते. सुरुवातीला हाक आली की दोघं धावायची. मग एकच जण जायचा. मग दारातून डोकावणं. मग तेही नाही.

"तुम्ही जात नाही, मीच त्याला उत्तर देतो," अप्पांनी एकदा टाइप केलं. "म्हणतो, बाबा रे, मी आहे, पण तुझ्याशिवाय मला बोलता येत नाही."

तिघंही हसली.

मग एका दुपारी ताई आणि भाऊ बाहेरच्या खोलीत कपाटाचं निखळलेलं दार बसवत होते.

"कोणी आहे का?"

कुणी उठलं नाही.

"कोणी आहे का?"

"धर नीट, खाली येतंय," ताई म्हणाली.

"कोणी आहे का?"

"आज फारच मागे लागलाय तो," भाऊ म्हणाला.

मग आवाज थांबला... दार बसलं. ताईने चहा केला आणि अप्पांचा कप घेऊन आत गेली.

अप्पा जमिनीवर होते. कीबोर्ड त्यांच्याबरोबर खाली ओढला गेला होता. एक हात अजून त्याच्यावर.

आणि स्क्रीनवर या वेळी अक्षरं होती. एकाखाली एक, तोच प्रश्न. शेवटचा अर्धवट.

डॉक्टर आले तेव्हा सगळं आटोपलं होतं. "हाक वगैरे मारली नाही का त्यांनी?" त्यांनी विचारलं.



अप्पांचे दिवस होऊन गेल्यावर भाऊ म्हणाला, "आता तरी बंद कर तो डबा."

ताईने वायर हातात धरली. तेवढ्यात...

"कोणी आहे का?"

कीबोर्डला कुणाचा हात नव्हता. आवाज तोच. पण तो आवाज आता दोघांचा होता ना... त्या परक्या माणसाचा आणि अप्पांचाही. हाक नेमकी कुणाची, हे कसं कळणार?

ताईने वायर सोडून दिली.

भाऊ वेगळा राहायला गेला. म्हणाला, "मला नाही जमणार."

ताई तिथेच आहे. हाक आली की हातातलं टाकून उठते. आत जाते. रिकाम्या खुर्चीपाशी उभी राहून सांगते, "आले."

तेवढ्यापुरतं शांत होतं...

त्या पॅकेजचे अपडेट अजून येतात. सही अजून जुळते. ताई एकही चुकवत नाही.

"कशाला करतेस?" मी परवा न राहवून विचारलं.

"जुनं झालं की बंद पडेल," ती म्हणाली. "मग हाक कशी मारणार?"

"कोण?"

तिने घड्याळ बघितलं आणि घरी जायला पर्स उचलली...

पुन्हा विचारायचा धीर मला झाला नाही.