एका काचेवर दोघी

जर्मन लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. जव्हारच्या बाजारपेठेत गोवर्धन फोटोवाल्याचं दुकान होतं. दुकान पुढं, घर मागं. अख्ख्या संस्थानात कॅमेरेवाली माणसं ती किती, आणि त्यातला हा सगळ्यात शिष्ट. समोर माणूस येऊन बसला तरी गडी त्याच्या तोंडाकडे बघायचा नाही. काळ्या फडक्यात डोकं घालायचा आणि दुधी काचेवर पडलेल्या उलट्या माणसाकडे बघायचा, पाय वर नि डोकं खाली. माणूस खरा कळतो तो तिथंच, असं त्याचं म्हणणं. घरची बायकोही त्यानं नीट बघितली असेल तर काचेवरच.

त्याचं नाव झालं होतं एका करामतीवर. रानात जाऊन झाडाचा फोटो घ्यायचा, पण फोटोची काच मसाल्यात धुवायची नाही. तशीच अंधाऱ्या खोक्यात बंद करून घरी आणायची, आणि काळ्या पडद्यापुढं माणूस उभा करून त्याच काचेवर त्याचाही फोटो घ्यायचा. झाडाची कड दुधी काचेवर पेन्सिलीनं आखलेली असायची, त्या रेघेत माणूस बरोबर बसवायचा. मग काच धुतली की झाड आणि माणूस एकमेकांत शिरलेले. पारंब्यांतून दाढी उतरलीय, सालीतून डोळे बघताहेत. लोक त्याला झाडमाणूस म्हणत. पेठेतले व्यापारी, कचेरीतले कारकून, सगळ्यांना आपण झाडात कसे दिसतो ते बघायची हौस.

मार्गशीर्षात त्याची बायको सुमन पाच महिन्यांची होती. तिला खोडाळ्याच्या बाजारचा नवा तांदूळ हवा झाला, म्हणून गोवर्धन जिवाच्या बैलगाडीतून निघाला. जिवा खोडाळ्याजवळच्या पाड्यावरचा. कॅमेऱ्याची पेटी अर्थात बरोबर होतीच.

परतताना, उन्हं कलायच्या आत, गोवर्धननं गाडी थांबवायला लावली. वाटेपासून थोडं आत एक मोहाचं झाड होतं. आजूबाजूच्या झाडांखाली जळणाला म्हणून काटकी शिल्लक नव्हती, बाया वेचून नेतात. या मोहाखाली मात्र वाळक्या फांद्या पडून सडत होत्या. आणि खोडावर, बाईमाणसाच्या पोटाच्या उंचीला, घागरीएवढी गाठ.

गोवर्धनचे डोळे लकाकले. सुमनचं पोट आणि ही गाठ. असा झाडमाणूस मुंबईतही कुणी केला नसेल.

"शेट, ते झाड नको," जिवा गाडीवरूनच म्हणाला.

"का रे? तुझ्या बापानं लावलंय?"

"त्यात बसवलेली हाय. आमच्या पाड्यावरची. अडली नि पोटातल्या पोरासकट गेली. अशी बाई फिरत राहते. म्हणून तिच्या आयेनं सालीला चीर पाडून तिचे केस आत घातले, नि तिला तिथं बसवली. वर साल चढली, त्याचीच ती गाठ. तिच्या म्होरं उभं राहायचं नाय."

"मी कुठं उभा राहतोय? मी फडक्यात असतो. आणि बसलेलीच आहे ना? मग बरंच झालं. हलणार तरी नाही."

जिवा खाली उतरला आणि बैलांच्या तोंडाजवळ झाडाकडे पाठ करून उभा राहिला.

गोवर्धननं तिपाई रोवली, फडकं डोक्यावर ओढलं. आत फडक्याचा कुबट वास, पुढं उलटा मोह. वारा नव्हता. पानही हलत नव्हतं. त्यानं कड आखली, काच सरकवली, भिंगाचं झाकण काढलं आणि मनात आकडे मोजू लागला. मोजता मोजता त्याला वाटलं, गाठ वर आली. आणि खाली गेली. जसं निजलेल्या माणसाचं पोट.

त्यानं झाकण लावलं. उन्हाचा खेळ, दुसरं काय, असं म्हणाला. म्हणाला मात्र मोठ्यानं, एकटाच.

घरी सुमन दारातच होती. "अहो, ऐकलंत का? तांदूळ आणलात, की नुसती झाडं भरून आणलीत?"

"तुला झाडात घालायचं आहे."

"अगंबाई! मी काय चेटकीण आहे?"

हसतच ती दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यापुढं उभी राहिली. गोवर्धननं फडक्यातून बघितलं आणि खेकसला, "बांगड्या काढ. चमकतात. सगळ्या काचेवर डाग पडेल."

"अहो, पोटुशी बाई, मोकळे हात बरे दिसतात का?"

"दोन मिनिटांनी कुणी मरत नाही."

साबण लावून हिरव्या बांगड्या काढाव्या लागल्या. तिनं त्या दोऱ्यात ओवून आत खाटेजवळच्या दिवळीत ठेवल्या, एक हात पोटावर ठेवला, एक बाजूला सोडला, आणि श्वास धरून उभी राहिली. फोटो झाल्यावर बांगड्या घालायला गेली तर चढेनात. हात सुजले होते. मनगटाला हळदीचा दोरा बांधून तिनं वेळ भागवली. बांगड्या दिवळीतच राहिल्या.

फोटो अप्रतिम आला. मोहाच्या खोडातून सुमन वर आलीय, केसांच्या फांद्या झाल्यात, आणि गाठीच्या जागी पोट, त्यावर तिचा हात. गोवर्धननं तो दुकानात दर्शनी टांगला.

महिन्यानं सुमनच्या माहेरी पाठवायला त्यानं त्याच काचेवरून दुसरी प्रत काढली. लाल कंदिलाच्या उजेडात कागद तबकात बुडवला, चित्र हळूहळू वर आलं, आणि त्याचा हात तबकातच राहिला. पोटावर दोन हात होते. एकमेकांवर ठेवलेले. आणि सुमनचा बाजूला सोडलेला हात होता तिथंच होता.

तो भिंग घेऊन बसला. रेघ न् रेघ तपासली. ही फांदी, हा सालीचा पापुद्रा, ही सावली. शेवटी ठरवलं, फांदीचा भास आहे. टांगलेल्या प्रतीत तर एकच हात होता. पण काच तीच. काचेत नसलेलं कागदावर येतं कसं?

इकडे सुमन खंगू लागली. खाल्लेलं अंगी लागेना. गालांवर खाली जाणाऱ्या बारीक रेघा उमटल्या, वाळल्या सालीसारख्या. एकदा म्हणाली, "अहो… पोटावर बाहेरून कुणी हात ठेवतं. बाळ आतून लाथ मारतं ना, तेव्हा ती बाहेरून चाचपते."

"कोण ती?"

"मला काय ठाऊक… हात गार असतो."

फाल्गुनात रानभर मोह फुलला. पेठेत मोहाचं झाड नाही, तरी त्यांच्या माजघरात तो गोड, जड, डोकं धरणारा वास भरला. गोवर्धननं तिसरी प्रत काढली. आता सुमनचा चेहरा खोडात विरत चालला होता, आणि त्याच जागी, जरा बाजूला, दुसऱ्याच कपाळाची कड दिसत होती. वरच्या हातावर मनगटाजवळ काहीतरी गोल गोल चमकत होतं.

दुपारी जिवा जळण टाकायला आला. ओला कागद त्यानं दोरीवर बघितला, मोळी तिथंच आपटली, आणि गाडी जुंपून निघून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी परतला तो एका म्हातारीला घेऊन. नवशी. ती पाड्यावरची सुईण, आणि झाडात बसवलेल्या बाईची आई.

नवशीनं कागदाला हात लावला नाही. लांबूनच बघितलं.

"हौशी…" ती म्हणाली. "माझी पोर हाय ती. भरल्या हातानं पाठवली होती गं बाय तुला. तरी का उठलीस?"

"काच फोडून टाका, शेट!" जिवा म्हणाला.

"गप रं! तीत याची बायको पण हाय." म्हातारी गोवर्धनकडे वळली. "दोघींना एका जागी उभं केलंस. जागा एकीची. बाळंत होऊन एक बाहेर येईल, एक आत ऱ्हाईल. माझ्या पोरीला परत बसव. ती आतच बरी. आणि बिगी कर."

तेवढ्यात आतून सुमनची किंकाळी आली. दिवस भरायला अजून अवकाश होता, पण कळा सुरू झाल्या होत्या. नवशी पदर खोचून आत गेली. दार लागलं.

काय करायचं ते गोवर्धनला लख्ख कळलं. काचेवरचा मुलामा खरवडायची बारीक सुरी त्याच्याकडे होती. कुणाच्या गालावरचा वण, कुणाचं वाकडं नाक, सुरीनं खरवडून तो नेहमीच नाहीसं करी. काचेवरून जे गेलं ते गेलं. हौशी तेवढी खरवडायची. सुमनला धक्का लावायचा नाही.

दुकानाच्या छताला काचेची खिडकी होती. तिच्याखाली त्यानं मेज ओढलं, काच उजेडाला धरली, डोळ्याला भिंग लावलं. काचेवर सगळं उलटं. उजेड तिथं काळं, काळं तिथं उजेड. उन्हं उतरणीला लागलेली. आतून कण्हणं, नवशीचं पुटपुटणं, पाण्याच्या हंड्याचा आवाज. आणि तो वास.

कपाळाची दुसरी कड त्यानं आधी काढली. ती सोपी होती, झाडाकडची. आतलं कण्हणं जरा थांबलं. मग केस. मग खांदा. सुरी चालली की आत सुमन श्वास घेई, सुरी थबकली की तिचा श्वास अडके. बरोबर चाललंय म्हणायचं. उजेड कमी होत होता.

उरले पोटावरचे दोन हात.

एक मोकळा. एक बांगड्यांचा. दोन्ही बायकी, दोन्ही सारखेच. सुरी हवेत थांबली, आणि आत सुमनचा आवाज घशात अडकला.

"शेट," जिवा दाराशी कुजबुजला, "म्हातारीला विचारू का, कोणता हात कुणाचा?"

"मला माझ्या बायकोचा हात कळत नाही?" गोवर्धन ओरडला. "सवाष्ण आहे, पोटुशी आहे. बांगड्या तिच्याच असणार! मेलेल्या बाईच्या हातात कसल्या बांगड्या?"

जिवा काही बोलायला गेला. गोवर्धननं बघितलंही नाही. उजेडाची शेवटची तिरीप काचेवर होती. त्यानं सुरी टेकवली आणि मोकळा हात बोटांपासून मनगटापर्यंत खरवडून काढला. काळा भुगा मेजावर पडला. त्यानं फुंकर मारली.

आत बाळ रडलं.

गोवर्धन खाली बसला, रडला, हसला, उठला, धावला. दार उघडलं. पणती लावलेली. नवशी बाळाला पुसत होती. मुलगी होती, चांगली गुटगुटीत. आणि खाटेवर सुमन, डोळे उघडे, जिवंत. गालावरच्या रेघा पार गेलेल्या. पंधरा वर्षांच्या पोरीसारखी कांती.

"सुमन… वाचलीस गं," तो म्हणाला.

तिनं त्याच्याकडे बघितलं. ओळख नसलेल्या माणसाकडे बघतात, तसं. मग नजर फिरवून म्हातारीकडे हात केला.

"आये," ती म्हणाली, "माझी पोर दे."

नवशीच्या हातातलं फडकं गळून पडलं. बाळ तिनं दिलं. द्यायलाच लागलं, भुकेलं होतं ते. पण देताना तिनं बोटाला बोट लागू दिलं नाही. मग ती भिंतीला धरत धरत बाहेर गेली आणि ओट्यावर तोंडात पदर कोंबून बसली. लेक परत मिळालेली आई अशी रडत नाही.

आत गोवर्धन उभाच होता. बाईनं बाळाला छातीशी धरलं आणि दुसरा हात दिवळीकडे नेला. तिथं दोऱ्यात ओवलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. तीन महिने तिथंच होत्या. गोवर्धननं त्यांच्याकडे बघितलं. फडक्याशिवाय, काचेशिवाय, सरळ डोळ्यांनी बघितलं. कोणी काढायला लावल्या होत्या, का लावल्या होत्या, सगळं त्याला आठवलं. म्हातारी दुपारी काय म्हणाली होती, तेही: भरल्या हातानं पाठवली होती.

साबणाशिवाय ज्या निघत नव्हत्या, सुजल्या हातावर ज्या चढत नव्हत्या, त्या बांगड्या एकामागून एक तिच्या मनगटावर सळसळत गेल्या. नुसत्या गेल्या नाहीत, सैल झाल्या. तिनं हात हलवला. किणकिण झाली. बाळ दूध पिता पिता हसलं.

पुढं गोवर्धननं कॅमेऱ्याला हात लावला नाही. दुकानाच्या फळ्या कायमच्या लागल्या. घरात तो तिच्या हातचं खायचा, नागलीची काळी भाकरी, पाड्यावर करतात तशी. सुमनला ती घशाखाली उतरत नसे. बाई वागायला चांगली होती, पोरीवर जीव होता तिचा. कुणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

ती काच त्यानं फोडली नाही. फोडवेना. पण एकदा, चैत्र सरता सरता, काळ्या कापडात गुंडाळून ती काखेत मारली आणि जिवाचा पाडा गाठला. "त्या झाडाशी चल," म्हणाला.

जिवा वाटेपर्यंत आला. त्यापुढं यायला तयार होईना. बैलही वळेनात. मोहाखाली फुलांचा खच पडून आंबला होता, कुणी वेचला नव्हता.

"आधी इथं कधी आवाज नव्हता, शेट," जिवा खाली बघत म्हणाला. "हौशी एवढी वर्षं बसली, पण तोंड उघडलं नाय तिनं. आता गुरं राखणारी पोरं सांगतात, भर दुपारी कोण तरी हाका मारतं. आमच्यातली नाय ती. आमच्या बाया नवऱ्याला अशी हाक मारीत नाय."

"कशी?"

जिवानं सांगायची गरज पडली नाही. वारा नव्हता, पान हलत नव्हतं, आणि खोडावरची गाठ सावकाश वर आली.

"अहो… ऐकलंत का?"