चाळीस पोत्यांची चाचणी

रास अल खैमाच्या उंच डोंगरावरची ती छोटी रेल्वे २००८च्या मंदीत बंद पडली. तीन वर्षांनी नव्या मालकाने ती चालू करायचं ठरवलं आणि ब्रेकची चाचणी घ्यायला मुरलीधरला शारजाहून बोलावलं. काम नेहमीचंच. बाकांवर माणसांऐवजी वाळूची चाळीस पोती बसवायची, डबा शिखरावरून खाली आणायचा, सही करायची आणि शारजातल्या अल मजाजला जेवायला परत.

मुरलीधर स्वतःला मोठा धीट समजायचा. २००८मध्ये याच रेल्वेची जुनी कंपनी बुडण्याआधीच्या घाईतल्या चाचणीत डबा सुटला, तेव्हा मात्र "हँडब्रेक धर, मी आहे" असं सोबतच्या यूनुसला सांगून याच धीट गृहस्थाने बाहेर उडी टाकली होती. रत्नागिरीचा यूनुस खालच्या भिंतीवर चिरडला. रिपोर्टमध्ये चूक यूनुसचीच, असं मुरलीधरने लिहिलं. निर्लज्जपणाची हद्दच म्हणायची!

आज पुढच्या केबिनमध्ये यूनुसचा धाकटा भाऊ कमरुद्दीन होता. भाऊ ब्रेक धरूनच मेला एवढं त्याला माहीत होतं, मुरलीधरच्या उडीचं मात्र काही ठाऊक नव्हतं.

"साहेब, यल्ला, सोडू?"

"सोड. इन्शाल्ला, अर्ध्या तासात खलास."

भर दुपारचं ऊन होतं. दातेरी रुळावर चाक टकटक करत उतरू लागलं. तापलेल्या ग्रीसचा वास डब्यात भरला. दुसऱ्या वळणानंतर टकटक वाढत वाढत तिचा एकच खडखडाट झाला.

"साहेब... माझा ब्रेक लागत नाय! मागचा धरा!"

मुरलीधरने हँडब्रेक ओढला. दांडा उसळून त्याच्या कोपरावर बसला. पोती फुटली, वाळू डोळ्यांत गेली. त्याने दांडा सोडला आणि तो दाराकडे धावला. होय, पुन्हा तेच. शरम वाटली, पण पाय थांबले नाहीत.

दारात एक पोतं आडवं पडलं होतं. त्याने लाथ घातली.

पोतं कण्हलं...

पोटात जबर तडाखा बसला आणि तो फरफटत मागे आला. उजवा हात आपोआप दांड्यावर गेला. वरून कोणीतरी दाबलं. त्या खडखडाटातही बोटं मोडल्याचा आवाज त्याला ऐकू आला, एक... मग दुसरं... मग तिसरं.

"सोड... यूनुस, सोड रे..."

पकड आणखी आवळली. ठिणग्या उडाल्या. डबा भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबला.

कमरुद्दीन रडतच आत आला. "साहेब, तुम्ही सोडला नाय! माझा भाऊ पण असाच धरून बसला होता."

मुरलीधरला वर बघवेना.

इस्पितळात एक्स-रे काढणारा मल्याळी फिल्म दिव्यासमोर धरून चिडला. "साब, मैंने सबको बाहर जाने को बोला था ना? फिर आपका हाथ कौन पकड़ा था?"

फिल्मवर मुरलीधरची मोडलेली बोटं होती. त्यांच्यावर आणखी पाच बोटं होती, अजून आवळलेली.