डावीकडचा ब्रेक

तो मोबाईल उलटा ठेव आधी, उजेड थेट डोळ्यांवर येतोय. दार राहू दे उघडं. वारा येतोय तेवढा येऊ दे.

सांगतो. पण मध्येमध्ये 'हे कसं शक्य आहे' म्हणायचं नाही. कसं शक्य आहे ते मला कळलं असतं, तर मी इथे गोष्टी सांगत बसलो असतो का? केव्हाच झोपलो असतो.

हे घडलं आमच्या साडूंच्या बाबतीत. तुमच्या काकूच्या धाकट्या बहिणीचे यजमान. तुम्ही बघितलंय त्यांना. लग्नाला आले तरी मांडवात बसायचे नाहीत, बाहेर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचे, तेच ते. त्यांचं गॅरेज होतं, पण इंजिनला हात लावायचे नाहीत. चाकं, स्टिअरिंग, ब्रेक, एवढंच. "मी फक्त पायांचा डॉक्टर," म्हणायचे. भुताखेतांचा विषय निघाला की उठून जायचे. गाडीत आवाज आला म्हणजे काहीतरी ढिलं आहे, गाडी थरथरली म्हणजे काहीतरी वाकडं आहे. तिसरं कारण नाही. असा माणूस.

तर त्यांच्याकडे एक पांढरी गाडी आली. छोटीच, जुनी घेतलेली. घेणारे म्हणजे चौकातले औषधवाले. मुलीसाठी घेतली होती. मुलगी नर्स. शेजारच्या गावातल्या हॉस्पिटलात नोकरी लागलेली, येत्या सोमवारपासून रुजू व्हायचं. चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, रोज, आणि एकटीने. तिच्या आईची झोप उडालेली.

मुलगी स्वतःच गाडी घेऊन आली. म्हणाली, "काका, ऐंशीच्या पुढे गेलं की स्टिअरिंग थरथरतं. आणि तेव्हा ब्रेक दाबला ना, तर अख्खी गाडी थडथड करते. दात वाजतात."

साडू हसले. रोजचंच दुखणं. म्हणाले, "थरथर हातात येते की बसायच्या जागी?"

"हातात."

"मग पुढची चाकं. आणि ब्रेक दाबल्यावर वाढते म्हणजे डिस्क वाकडी. संध्याकाळी घेऊन जा."

चारी चाकं काढून बॅलन्स केली. पुढची मागे, मागची पुढे केली. ब्रेकच्या दोन्ही डिस्क मोजल्या, केसभर फरक निघाला, तरी नव्या घातल्या. पॅड नवे. मग औषधवाल्यांना शेजारी बसवून बायपासवर घेऊन गेले. नव्वद, शंभर. गाडी लोण्यासारखी. ब्रेक दाबला, कुठे काही नाही.

दुसऱ्या दिवशी मुलगी परत. "काका, तसंच आहे."

आता ती स्वतः चालवायला, साडू शेजारी, बाप मागे. काही नाही! मुलीचं तोंड एवढंसं झालं. बापाने तिथेच सुनावलं, "तुझाच हात थरथरत असेल. घाबरतेस तू." पण साडूंनी तिच्या हातांकडे बघितलं. सुई टोचणारे हात ते. थरथरणारे नव्हते.

तेव्हा त्यांनी गाडी ठेवून घेतली. म्हणाले, "शनिवारपर्यंत द्या मला. सापडल्याशिवाय हिला रस्त्यावर सोडायची नाही."

मग सगळं उचकटलं. स्टिअरिंगचे सांधे, रबरी बुश, चाकांचे बेअरिंग. मला येऊन सांगायचे, मी तेव्हा स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर. एक दिवस म्हणाले, "एक गंमत सापडली. डावीकडच्या सीटपुढचं मॅट उचललं, तर खाली पत्र्याला दोन भोकं बुजवलेली. वेल्डिंग केलंय. शिकाऊ गाडी होती ही."

शिकाऊ म्हणजे कळलं ना? ड्रायव्हिंग स्कूलची. शिकवणारे सर डावीकडे बसतात, त्यांच्याही पायाशी एक ब्रेक असतो. शिकणारा चुकला की सर दाबतात. विकताना तो काढून टाकलेला.

"मग त्याचा या थरथरीशी काय संबंध?" मी विचारलं.

"काही नाही," म्हणाले. "पण एक चुकतंय माझं. मी एकदाही ती गाडी एकट्याने चालवलेली नाही."

काय रे, गार वाटतंय? मग पांघरूण घे ना. दार नको लावू.

नोव्हेंबरची सतरा तारीख. गुरुवार. दिवसा बायपासला ट्रकची रांग असते, सलग नव्वदने जाता येत नाही. म्हणून जेवून खाऊन, रात्री अकरा वाजून वीस मिनिटांनी साडू गाडी घेऊन निघाले. बायकोला म्हणाले, अर्ध्या तासात येतो.

बायपास मोकळा. चांदणं नव्हतं. दोन्ही बाजूंना शेतं, मध्ये सरळ डांबर. काचा बंद केल्या, आवाज नीट ऐकू यावा म्हणून. साठ... सत्तर... गाडी शांत. पंचाहत्तर.

ऐंशीला स्टिअरिंग थरथरलं.

ते खूश झाले! खरं सांगतो, मला स्वतः म्हणाले, "मला इतका आनंद झाला, सापडला चोर म्हटलं." उजवा हात ठेवला, डावा सोडला. थरथर तशीच. पायाखालचा पत्रा शांत. बसायची जागा शांत. म्हणजे पुढचीच चाकं. ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवली तर गाडी करेल तसं. अगदी तसंच. कुणीतरी ब्रेकवर नुसता पाय टेकवून बसावं...

त्यांनी खाली बघितलं. त्यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर होता.

ब्रेकचं पेडल अर्धा इंच खाली होतं.

पेडल चिकटलंय, त्यांना वाटलं. बुटाच्या टोकाने खालून उचललं. आलं वर. आणि... पुन्हा गेलं खाली. हळूच. पाय टेकवावा तसं.

त्यांनी वेग कमी करायचं ठरवलं. ब्रेक दाबायला पाय उचलला. पाय पोचायच्या आत पेडल खाली गेलं. पूर्ण.

थडथडथडथड.

मुलगी म्हणाली होती तसंच. दात वाजले. गाडी तिरकी झाली, सरळ झाली, रस्त्याच्या मधोमध थांबली. इंजिन बंद.

शांत.

इंजिनचा पत्रा निवताना टकटक करतो ना, तेवढाच आवाज. आणि...

आणि डावीकडच्या सीटची स्प्रिंग करकरली. माणूस मागे टेकून बसला की करकरते तशी.

साडूंनी तिकडे बघितलं नाही. मान वळली नाही, म्हणाले. वळवायची होती. वळली नाही.

किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं. पहिला गिअर. क्लच सोडला.

गाडी हलेना. इंजिन गुरगुरतंय, चाकं जागची हलत नाहीत. ब्रेकचं पेडल तळाला. त्यांचे दोन्ही पाय त्यावर नाहीत. पुन्हा बंद पडली. पुन्हा सुरू केली...

मागच्या आरशात उजेड दिसला.

ट्रक. लांब होता. मग लांब नव्हता.

दार उघडून उडी मारायची, तर हँडल ओढलं, हाताला घाम, सटकला हात. उजेड वाढला. छतावर, काचेवर. सगळी गाडी पांढरीफटक. हॉर्न.

आणि हा माणूस, जो भुताचा विषय निघाला की उठून जायचा, तो समोर बघत ओरडला, "सर! पाय काढा! मागून गाडी येतेय, सर! मला दिसतेय, मी घेतो बाजूला... पाय काढा!"

एक क्षण.

पेडल वर आलं.

गाडीने उडी घेतली, डावीकडे कच्च्यात उतरली. ट्रक गेला. इतक्या जवळून की उजवीकडचा आरसा घेऊन गेला.

बारा वाजून दहा मिनिटांनी मला फोन आला. "या," एवढंच म्हणाले. मी स्कूटरवर गेलो. तर हे रस्त्याच्या कडेच्या दगडावर बसलेले, गाडीपासून शंभर पावलांवर. मी गाडीजवळ गेलो. पुढच्या चाकांशी हात नेला, तर भट्टीसारखी धग. घाट उतरून आल्यासारख्या डिस्क तापलेल्या. सपाट रस्ता होता रे तो. मी डावीकडच्या सीटवर बसायला लागलो, तर ते लांबूनच म्हणाले, "बसा. तुम्ही बसलात की काही होणार नाही."

तसंच झालं. स्कूटर तिथेच कडेला ठेवून मी शेजारी बसलो, आणि ती गाडी शहाण्यासारखी घरी आली.

सकाळी साडूंनी त्या ड्रायव्हिंग स्कूलचा पत्ता काढला. सरांचा भाऊ भेटला. स्कूल कधीचं बंद. म्हणाला, "दादा त्याच गाडीत गेला. एक मुलगी शिकायला होती. शेवटचा दिवस तिचा. तिने ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, पुढे शाळा सुटलेली. दादाने ब्रेक दाबून धरला. गाडी मुलांच्या चार हात अलीकडे थांबली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दादाला मात्र तिथेच, बसल्या जागी झटका आला. पाय इतका घट्ट होता, की आम्हाला बूट काढून पाय सोडवावा लागला."

साडू गॅरेजला परत आले आणि मला हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, "औषधवाल्यांना सांगा, विकून टाका म्हणावं."

"आणि घेणारा कोण असेल?" ते म्हणाले. "त्याची मुलगी नसेल?"



मग त्यांनी जे केलं ते त्यांनाच सुचू जाणे. भंगारातून एक जुना जोडब्रेक आणला. डावीकडची दोन भोकं पुन्हा उघडली, तिथे पेडल बसवलं, ड्रायव्हरच्या पेडलला सळईने जोडलं. दोन्ही पेडलांवर नवी रबरं घातली, एकाच पाकिटातली, मीच दिली होती काउंटरवरून. शनिवारी रात्री एकटे बायपासवर गेले. मी म्हटलं येतो, तर नको म्हणाले. शंभरपर्यंत नेली. ब्रेक दाबला. परत आले आणि म्हणाले, "लोणी."

औषधवाल्यांना सांगितलं, आधाराला बसवलंय, काढू नका. बाकी एक अक्षर नाही. मुलगी सोमवारी कामावर गेली.

तीन महिन्यांनी सर्व्हिसिंगला आली. मी तिथेच होतो. मुलगी खुशीत. "काका, काय गाडी केलीत! परवा धुक्यात एक म्हातारे एकदम आडवे आले. मी दाबायच्या आत ब्रेक लागला. इतका हलका झालाय."

साडूंनी मान हलवली. मग सहज विचारावं तसं विचारलं, "शेजारी कोण बसतं गं तुझ्या?"

"कुणी नाही. मी एकटीच असते. माझी पिशवीसुद्धा मागे ठेवते."

ती बाहेर फोनवर बोलायला गेली. साडूंनी बॅटरी घेतली, दोन्ही दारं उघडली, आणि मला हाक मारली.

उजवीकडच्या पेडलवरचं रबर नवं होतं. रेघा अजून टोचत होत्या हाताला.

डावीकडचं झिजून गुळगुळीत झालं होतं. टाचेच्या बाजूला तर आरपार. खालचं लोखंड चकाकत होतं.