दहा वाजून दहा मिनिटांची बोहनी

चष्मा पडला नव्हता. तिने तो फेकला होता, आणि ही गोष्ट ती काही लपवणार नव्हती.

"कसा मोडला?" काउंटरपलीकडच्या चष्मेवाल्याने विचारलं.

"फेकला."

"कुणावर?"

"कंपनीवर."

"लागला?"

"भिंतीला लागला. कंपन्या कुठे समोर येतात हो, लागून घ्यायला!"

काउंटरपलीकडून हसू दाबल्याचा आवाज आला. चष्म्याशिवाय तिला तो धड दिसतही नव्हता. निळा शर्ट, वर थोडे केस, आणि मधे कुठेतरी हा आगाऊ आवाज. दांडी एका हातात, काच दुसऱ्या हातात, अशी ती घरातून तरातरा निघाली होती आणि कोपऱ्यावर जे पहिलं चष्म्याचं दुकान दिसलं त्यात घुसली होती.

"बसा. स्क्रू नवा घालावा लागेल. तोवर कंपनीने काय केलं ते सांगा."

विचारायचाच अवकाश होता! तिचे वडील तिला उगाच 'ठिणगी' म्हणत नसत.

बाबांनी चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली. आता त्यांचे हात थरथरतात, बारीक कामाला चालत नाहीत. पण डोक्यात सगळं जसंच्या तसं आहे. म्हणून बाबा सांगतात, ती लिहिते, फोटो काढते आणि आपल्या साइटवर टाकते. तीन वर्षं हे चाललंय. दोरा का तुटतो, बॉबिन का अडकतं, जुन्या मशिनला तेल नेमकं कुठे द्यायचं. कुठल्या कुठल्या गावच्या शिंपिणी तिला लिहितात की ताई, मशीन चालू झालं. लेखांच्या शेजारी जाहिराती लागतात, त्यांच्यावर तिचं भागतं. फार नाही, पण स्वतःचं. आणि घरात तिचा मोठा भाऊ, म्हणजे दादा, टपूनच बसलेला. एक तारखेपासून माझ्या ऑफिसात फोन घ्यायला ये, मी बोलून ठेवलंय. बोलून ठेवलंय! हिला न विचारता!

"आणि आज सकाळी जाहिरातवाल्या कंपनीचं हे पत्र. 'आपल्या जाहिरातींवर खोटे क्लिक आढळले आहेत, सबब आपलं खातं स्थगित करण्यात येत आहे.' कुणी केले, कधी केले, किती केले... काही म्हणजे काही नाही! अहो, चोर पकडला तरी विचारतात की बाबा रे, तू केलीस का चोरी? मला कुणी विचारलं? थेट फाशी!"

"पण खोटे क्लिक म्हणजे काय?"

"म्हणजे काही घ्यायचं नाही, बघायचं नाही, पण जाहिरातीवर उगाच रोज टकटक करत बसायचं. कंपनीला वाटतं, मीच कुणाला तरी बसवलंय. अपील करता येतं, पण एकदाच. ते फेटाळलं की दार कायमचं बंद. मग मी, दादा आणि त्याचे फोन! कोण हो इतका रिकामटेकडा असेल?"

"असतात काही..." तो म्हणाला. "साइटचं नाव काय म्हणालात?"

"सुटलेला टाका."

त्याच्या हातातला स्क्रू निसटला. टुण्णकन काउंटरवर पडला आणि खाली गेला. चष्मेवाला खाली वाकला तो बराच वेळ वर आलाच नाही. एवढासा स्क्रू शोधायला इतका वेळ लागतो, तर दुकान कसं चालवतो हा, असं तिच्या मनात आलंच.

शेवटी तो वर आला. चष्मा जोडला, मऊ फडक्याने पुसला आणि अगदी हलक्या हाताने तिच्या डोळ्यांवर चढवला. कानामागे दांडी बसवताना त्याची बोटं क्षणभर थांबली.

"दुखतंय?"

"नाही..."

आणि तिला तो दिसला. बारीकसा, सावळा, डोळे अगदी नितळ. पण कान लालभडक. चष्मा बसवताना ह्याचे कान कशाला लाल व्हायला हवेत? तिने ते लक्षात ठेवलं, का ठेवलं ते मात्र विचारू नका.

"पैसे नकोत," तो म्हणाला. "तुमचा वेळ गेला माझ्यामुळे."

"फुकटचं मला चालत नाही," असं म्हणून तिने पैसे काउंटरवर ठेवले आणि ती आली तशीच तरातरा गेली.

पुढचे तीन दिवस तिने घर डोक्यावर घेतलं. कंपनीचे नियम पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचले, आणि प्रत्येक नियमाला एकेक शिवी दिली. एक जाहिरात 'पुढे वाचा' या बटणाला खेटून होती, चुकून अंगठा तिच्यावरच पडत असे, ती काढून टाकली. बाबांना तंबी दिली की साइट उघडून कौतुकाने कुठेही बोट लावायचं नाही. मग किती जण येतात, कधी येतात, याची नोंद ती उलटसुलट बघत बसली, आणि तिला सापडला! तीन महिने, रोज, सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी, याच शहरातला एक माणूस. दोरा तुटण्यावरचा लेख उघडतो, मग दुसरा, मग तिसरा... आणि जातो. एक दिवस चुकला नव्हता पठ्ठ्या.

हे कुणाला सांगायचं? बाबा म्हणाले असते, जेवण कर आधी. दादा म्हणाला असता, तरी मी सांगत होतो. मग तिला आठवलं की चष्म्याची दांडी ढिली झालीय. झाली नव्हती. पण दुकानात पोचेपर्यंत तिने ती हाताने नीट ढिली केली.

चष्मेवाल्याने तिला स्टूल दिलं आणि मान खाली घालून सगळं ऐकलं.

"माझ्या वाईटावर टपलेला आहे कुणीतरी," ती म्हणाली. "मशिनं विकणारा असेल. लोक जुनी दुरुस्त करायला लागले तर ह्यांची नवी कोण घेणार?"

"तसं नसेलही. मला एक सांगायचं होतं..."

"थांबा, आधी माझं ऐका. तो सापडला ना, त्याची बोटं मी मशिनच्या सुईखाली धरणार आहे. सरळ टाका, मग उलटा टाका!"

चष्मेवाल्याने आपली बोटं खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी नाकावरची पॅड टोचू लागली. तिसऱ्या दिवशी काचेवर ओरखडा आला, जो फक्त तिलाच दिसत होता. तो रोज काहीतरी सांगायला तोंड उघडायचा, आणि रोज ही त्याच्या आधी सुरू व्हायची. पण तिचं संपलं की तो असं काही विचारायचा की ती विचारात पडायची. लेख कुणासाठी लिहिता? बाबा सांगतात तेव्हा तुम्ही टेपवर घेता की हाताने लिहिता? अपिलात चिडून लिहू नका हं, चिडलेलं अक्षर कुणी वाचत नाही. असं आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं. घरी जाताना तिच्या लक्षात यायचं की आपण हसतोय, आणि मग स्वतःचाच राग यायचा.

सातव्या दिवशी ती विजयी मुद्रेने आत शिरली.

"पळाला! भेकड कुठला! मी पहिल्यांदा इथे आले ना, त्या दिवसापासून तो दहा-दहावाला फिरकलेलाच नाही. कसा सुगावा लागला असेल त्याला?"

चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवली.

"पळाला नाही," तो म्हणाला. "इथेच आहे."

तिने मागे वळून पाहिलं. दुकानात दुसरं कुणीच नव्हतं.

"माझ्या आईचं मशीन दोन वर्षं बंद पडून होतं," तो भराभरा बोलू लागला, मधे कुणी अडवू नये म्हणून बोलतात तसा. "ते बंद तशी तीही बंद. नुसती बसून असायची. तुमचा लेख वाचून मी ते चालू केलं. त्या संध्याकाळी आईने उशीचा अभ्रा शिवला आणि... आणि पहिल्यांदा माझ्याशी भांडली, की तेल सांडलंस म्हणून! मला तुम्हाला काहीतरी द्यायचं होतं. कुणीतरी म्हणालं, जाहिरातीवर क्लिक केलं की लिहिणाऱ्याला मिळतं. म्हणून रोज दुकान उघडलं की आधी तुमची साइट उघडायचो. सगळ्या जाहिरातींवर एकेकदा. माझ्या बोहनीच्या आधी तुमची बोहनी व्हावी, एवढंच... पहिल्या दिवशीच सांगायला हवं होतं. धीर झाला नाही."

आणि ठिणगी पडली.

"बोहनी? माझ्या गळ्याला फास लावलात आणि बोहनी म्हणता? वर सात दिवस मान डोलावत ऐकत बसलात! कंपनी मला न विचारता फाशी देते, दादा मला न विचारता नोकरी ठरवतो, आणि तुम्ही मला न विचारता माझं भलं करता! अहो, मी माणूस आहे की बंद पडलेलं मशीन? कुणीही यावं आणि तेल ओतावं?"

"चुकलंच माझं."

"चुकलंच!" एवढंच म्हणून ती बाहेर पडली. रस्त्यात तिला रडू आलं, ते कशाचं हे तिला कळेना, म्हणून ती आणखी चिडली.

घरी तिने बाबांना सगळं सांगितलं. त्या माणसाला मी सोडणार नाही, हेही सांगितलं, तीनदा.

बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं. "टाका सुटायला लागला की आपण आधी काय बघतो गं, ठिणगे?"

"आपण दोरा नीट ओवलाय का ते."

"हं. मशिनला शिव्या मग."

ती फणकारली. पण मग तिने आपलीच साइट उघडली, परक्याने उघडावी तशी, आणि दोऱ्याचा लेख पहिल्या ओळीपासून वाचत खाली आली. शेवटी, तिच्याच हौसेने, तिनेच तीन वर्षांपूर्वी लिहिलेली ओळ होती. 'लेख उपयोगी पडला तर शेजारच्या जाहिरातींवरही जरा कृपादृष्टी असू द्या!' प्रत्येक लेखाखाली होती. आणि कंपनीच्या नियमात पहिल्याच पानावर होतं की वाचकांना असं सुचवायचं नाही. त्या नियमाला तिने चांगली ठळक शिवी दिली होती.

म्हणजे त्या बिचाऱ्याने काय केलं? तिने सांगितलं तेच केलं. तीन महिने रोज वाचणाऱ्याला ती ओळ पाठ असणार. एका शब्दात तो सुटला असता. तुम्हीच लिहिलं होतंत, एवढं म्हटलं असतं की संपलं. पण हिने एवढं तोंडसुख घेतलं, तरी तो शब्द त्याने काढला नाही. ती डोक्याला हात लावून बसली. बाबा म्हणाले, जेवण कर आधी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

बाबांनी दार उघडलं आणि आत आवाज दिला, "ठिणगे, तुझा गुन्हेगार आलाय!"

निळा शर्टच होता, घर विचारत विचारत आलेला. हातात कागद.

"दुकान?" तिने विचारलं.

"बंद ठेवलंय. हे आधी." त्याने कागद पुढे केला. "माझा जबाब. कुठल्या तारखेपासून, किती वाजता, कुठल्या कॉम्प्युटरवरून, सगळं लिहिलंय. तुमचा काही दोष नाही, तुम्ही मला ओळखतही नव्हतात, हेही लिहिलंय. अपिलाला जोडायचं की नाही ते तुम्ही ठरवा. फक्त अपिलाच्या फॉर्ममध्ये एक रकाना आहे, क्लिक करणाऱ्याचं तुमच्याशी नातं काय. तो कोरा ठेवलाय."

"का?"

"तुम्हाला न विचारता कसा भरू?"

तिने कागद घेतला. इतका वेळ आवरून धरलेला राग बाहेर यायला जागा शोधत होता, पण या वेळी न विचारता कुणी काही केलंच नव्हतं.

"ती ओळ तुम्हाला माहीत होती ना?" तिने हळूच विचारलं. "कृपादृष्टीची?"

"कुठली ओळ?" तो म्हणाला. पण कान लाल झाले.

"खोटं बोलता येत नाही तर बोलू नये." तिने पेन उचललं. "ती मी काढलीय सगळ्या लेखांखालची. माझी चूक मी लिहिणार, तुमची तुम्ही. नातं..." ती थांबली. बाबा छताकडे बघू लागले. "वाचक," तिने लिहिलं. "आणि आजपासून तुम्हाला साइट बंद. पाऊल ठेवायचं नाही."

"मग वाचायचं कसं?"

त्याचं उत्तर तिने दुसऱ्या दिवशी दिलं. सकाळी दहा वाजता ती वही घेऊन दुकानात आली, स्टुलावर बसली आणि नवा लेख मोठ्याने वाचून दाखवू लागली. रोज येऊ लागली. तो काचा घासता घासता ऐकायचा. एखादं वाक्य आवडलं की घासायचं थांबायचा, आणि ती ते वाक्य मुद्दाम परत वाचायची. दादाने फोन केला की एक तारीख लक्षात आहे ना, तेव्हा ती त्याच स्टुलावरून म्हणाली, "दादा, उत्तर काहीही येवो, मी येणार नाही. पुढच्या वेळी आधी मला विचार, मग बोलून ठेव." तिने फोन ठेवला. चष्मेवाल्याने पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

अठ्ठावीस तारखेला ती आली ती धापा टाकतच.

"आलं?"

"आलं. 'आपलं खातं पूर्ववत करण्यात आलं आहे.' बस्स! एक ओळ! जीव टांगणीला लावला महिनाभर, पण माफ करा म्हणायला ह्यांची जीभ झडते!"

"मी म्हणतो. माफ करा."

"तुम्ही आजवर चाळीस वेळा म्हणालात."

ती बोलता बोलता हसली, आणि डोळे भरले म्हणून चष्मा काढला. तो लगेच पुढे आला, चष्मा घेतला, पुसत राहिला. पुसून झाला तरी पुसत राहिला.

"एक विचारायचं होतं..." तो म्हणाला. "म्हणजे, विचारू का, हे आधी विचारतो."

"विचारा. पण नीट. अपील एकदाच करता येतं."

त्याने चष्म्याची दांडी मिटली. "तो रकाना... वाचक लिहिलंत ना तुम्ही. ते कायमचं आहे का? माझ्या मनात फार दिवसांपासून दुसरं काहीतरी आहे. मला तुम्ही आवडता. चिडता तेव्हा जास्त. माझ्याशी लग्न कराल?"

चष्मा त्याच्याच हातात होता. समोर सगळं धुरकट, निळा शर्ट तेवढा दिसत होता. हात पुढे करून तिने तो चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला आणि त्याला नीट बघून घेतलं.

"मंजूर," ती म्हणाली. "पण एक ऐक. लग्न झालं तरी माझ्या साइटला तू हात लावायचा नाहीस."

तो तिथेच, पहिल्यांदाच आलेल्या त्या 'ऐक' वर, थांबला होता. बाहेर कुणी गिऱ्हाईक काच ठोठावून विचारत होतं, दुकान उघडं आहे की नाही.