वेणूची बाटली

उल्हासनगरच्या त्या खासगी दवाखान्यात सकाळी फरशी धुवायची पद्धत होती. फरशी धुताना सफाईवाली मोतीबाई खाटांखालचं सगळं उचलून गाद्यांवर ठेवायची. १९८८ सालच्या पावसाळ्यात भीमरावाने ते पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं.

तो बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातला. त्याच्या सहा वर्षांच्या वेणूच्या छातीत पू झाला होता. बरगड्यांमधून घातलेल्या नळीचं दुसरं टोक खाटेखालच्या बाटलीतल्या पाण्यात बुडवलेलं होतं. बाटली गादीवर गेली तसं ते पाणी नळीतून पोरीच्या छातीकडे चढलं. वेणू खोकून निळी पडली.

त्याने बाटली हिसकावून खाली ठेवली. "पोरीला मारताय का?"

"ओरडू नका, भाऊ. फरशी काय तुमची बायको धुणार?"

त्याच्या बायकोला, चांगुणाला जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याने बादली लाथाडली.

डॉक्टर म्हणाले, "छातीत पाणी गेलं असेल तर ताप चढेल. बघू."

"बघू काय? त्या बाईला सांगा ना!"

डॉक्टर पुढे गेले. ताप चढला.

दुसऱ्या सकाळी तो चहा घेऊन परतला, तर वेणूची बाटली खालीच होती. सगळी फरशी ओली. बाटलीशेजारी मात्र कुणी मांडी घालून बसावं एवढी जागा कोरडी.

"मी उचलली होती," मोतीबाई पुटपुटली. "कुणीतरी माझा हात खाली दाबला."

भीमरावाला भीती वाटली नाही, संताप आला. जिवंतपणी स्वतःचं दुखणं लपवून मेली, आणि आता आलीय राखण करायला!

रोज तसंच झालं. वेणूचा ताप उतरला.

नळी काढताना डॉक्टर म्हणाले, "वेणू, मोठा श्वास घे. धरून ठेव." नळी निघाली, वर पट्टी बसली. "सोड आता."

वेणूने सोडला नाही.

"सोड, बाळ!"

ओठ काळसर झाले. डॉक्टर गालावर चापट्या मारू लागले.

भीमराव खाटेखाली वाकून गरजला, "गेलीस ना, चांगुणे? मग सोड पोरीला!"

वेणूने भसकन श्वास सोडला. रडत त्याला बिलगली.

"बाबा, ती आई नव्हती. ती तिकडे गेली."

शेजारच्या खाटेवर चंदू होता. त्याचा फक्त पाय मोडला होता. तो गाल फुगवून, ओठ घट्ट मिटून आपल्या खाटेच्या कडेवरून खाली बघत होता.

त्याला कुणीच श्वास धरायला सांगितलं नव्हतं.