अटवीची आत्या

“दमलेली असशील तेव्हा कुणाला हो म्हणू नकोस अनू, आणि नाहीही म्हणू नकोस. आधी दिवा लाव, मग बोल.”

आई जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिचं हे वाक्य रोज संध्याकाळी माझ्याबरोबर कंपनीच्या बसमधून उतरतं. जासईच्या कंटेनर यार्डात दिवसभर बिलं करायची, ट्रकांची धूळ केसांत घेऊन पनवेलला यायचं, आणि घरी जाण्याआधी तळ्याकाठच्या देवीपुढे दिवा लावून ललितासहस्रनाम म्हणायचं — हा माझा नेम. अंगात ताप असला तरी चुकवलेला नाही. लग्नाचं म्हणाल तर... बघायला येणारे येऊन गेले, मग बाबांचं आजारपण आलं, मग बघायला येणारेही थांबले. मला त्याचं फारसं काही वाटेनासं झालं. दमलेल्या माणसाला बरंच काही वाटेनासं होतं.

त्या संध्याकाळी डोळे मिटून पाठ म्हणत होते, आणि शेजारी कुणीतरी चक्क घोरलं.

खांबाला टेकून एक माणूस झोपला होता. मांडीवर जेवणाचा रिकामा डबा, शर्टाच्या बाहीला गंजाचे डाग. मी थांबले तसा तो दचकून जागा झाला.

“थांबलात का?”

“तुमची झोप मोडली?”

“तुम्ही थांबलात म्हणून मोडली. म्हणा ना पुढे... समोरच्या दवाखान्यात पुतणी झालीय. रात्र रात्र जागतोय. इथे कशी छान लागली.”

“हे स्तोत्र आहे, अंगाई नाही,” मी म्हणाले, आणि आलेलं हसू ओढणीत लपवलं.

तो सत्यजीत. नोकरी कळंबोलीच्या लोखंड बाजारात, घर रोडपालीला. घरात भाऊ, हेतलवहिनी, त्यांची मोठी मुलगी ओवी आणि आता ही धाकटी. दवाखाना सुटला, पण त्याचं देऊळ काही सुटलं नाही. आता निमित्त नवं होतं — नाव.

“वहिनीचा हट्ट आहे. मोठी ओवी, तर धाकटीच्या नावातही शेवटी ‘वी’च हवी. वर सोसायटीत कुणाचं नसलेलं. तुम्ही रोज हजार नावं घेता, त्यातलं एक द्या की.”

“शांभवी?”

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. “ए विंगमध्ये आहे.”

“वैष्णवी?”

“बी विंगमध्ये. किराणावाल्याचीही तीच.”

“भैरवी?”

“भाऊ म्हणतो, भैरवी झाली की लोक उठून घरी जातात.”

“बरं, स्तोत्राबाहेरचं चालेल? लाघवी?”

“रात्रभर किंचाळणारीला कुठल्या तोंडानं लाघवी म्हणू, असं वहिनी विचारतेय.”

मी हसले... देवळात ऐकू जाईल इतकी. गुरुजींनी वळून पाहिलं. देवळात सगळेच मला ताई म्हणतात — गुरुजी, फुलवाली, चपला सांभाळणारे काका. हा मात्र ‘अहो’वर भागवायचा. आणि वाऱ्यानं ज्योत फडफडली की न सांगता त्याचा हात आडवा यायचा.

एके संध्याकाळी ‘महापद्माटवीसंस्था’ या नावाशी जीभ अडली. कमळांच्या महावनात राहणारी. इतकी वर्षं म्हणत आले, पण त्यातलं रान कधी दिसलंच नव्हतं.

“अटवी,” मी म्हणाले. “म्हणजे रान.”

तो तळ्याकडे बघत राहिला. “ओवी... अटवी.” मग हळूच म्हणाला, “दिवसभर लोखंड बघून घरी जायचं आणि रानाला हाक मारायची. बरं वाटेल हो.” तो माझ्याकडे वळला. “हे ठरलं तर बारशाला याल? ते कानात पडताना तुम्ही तिथे हव्यात.”

समोर दिवा तेवत होता. “येईन,” मी म्हणाले. “शब्द देते.”

नाव वहिनींना फार आवडलं, एवढं सांगणारा त्याचा फोन आला. पण तो आला नाही. मी पाठ म्हणायची, आणि खांबाकडे बघायचं नाही असं ठरवायची.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी आला. बसला नाही, पायरीवर किल्ली फिरवत उभा राहिला.

“वहिनीचा निरोप आहे... आम्ही दोघं भाऊच, बहीण नाही. आणि तिच्या माहेरी, गुजरात्यांतही, आपल्यासारखंच — नाव फोईनं, म्हणजे आत्यानं, ठेवायचं. ती म्हणते, ज्यांनी शोधलं त्यांनीच आत्या व्हावं. बाळाच्या कानात तुम्हीच सांगावं. तुमच्यासाठी साडीही आणलीय.”

महिनाअखेर होती. पाय ठणकत होते, डोळ्यांपुढे बिलांचे आकडे. ‘हो’ अगदी ओठांवर आलं. दमलेल्याला ‘हो’ सोपं जातं. मग कुणी वाद घालत नाही.

तेवढ्यात त्याच्याकडे लक्ष गेलं. तो माझ्याकडे बघतच नव्हता, वातीकडे बघत होता. आत्या म्हणजे बापाची बहीण. म्हणजे बापाच्या भावाचीही. दर भाऊबीजेला मी याला ओवाळायचं... जन्मभर.

“तुम्हाला काय वाटतं?” मी विचारलं.

“मी निरोप्या.”

“निरोप्याला मत नसतं?”

“असतं ना,” तो पुटपुटला. “म्हणून तर हा निरोप इतके दिवस खिशात घेऊन फिरलो.”

माझ्या हातातली जपमाळ थांबली.

“उद्या सांगते. दिवा लावून.”

“उद्याच बारसं आहे.”

“म्हणूनच.”

सकाळी आंघोळ केली, घरच्या देवापुढे दिवा लावला. मग फोन लावला.

“वहिनींना सांगा, आत्या व्हायला मला जमणार नाही.”

पलीकडे भांड्यांचा आवाज, बाळाचं रडणं. “बरं,” तो म्हणाला. माझ्याहून दमलेला आवाज.

“कारण तरी विचारा.”

“...का?”

“तुमच्या भावाला राखी बांधायला माझी हरकत नाही. पण मग एकट्या त्यांनाच बांधून चालायचं नाही.”

काहीतरी धाडकन पडलं.

“काय झालं?”

“बुंदीचा डबा... पडू दे. अनुया —” पहिल्यांदाच नुसतं नाव.

“कानात नाव ओवीला सांगू दे,” मी म्हणाले. “पाळण्याखालून बाळ इकडून तिकडे द्यायला दोघी लागतात ना? त्यातली एक मी होईन. ते काम बाळाच्या काकूनं केलं तरी चालतं.”

“काकू?”

“पुढेमागे... घाई नाही.”

“मला आहे! घ्यायला येऊ?”

“नको. शब्द मी दिलाय. माझी मी येते.”

बाबांचं ताट वाढून झाकून ठेवलं. हातानं शिवलेलं हिरवं झबलं पिशवीत घातलं.

“आज सुट्टीच्या दिवशीही निघालीस?” बाबांनी विचारलं.

“बारसं आहे, बाबा.”

पाय नेहमीसारखेच दुखत होते. दिव्यात थोडं तेल घातलं, दार हळूच ओढून घेतलं आणि रोडपालीच्या रिक्षासाठी नाक्याकडे चालू लागले.